विरूपणाचा आकडा सारखाच, मग अँप्लिफायरचा आवाज वेगळा का?

दोन अँप्लिफायरच्या माहितीपत्रकांत विरूपण (अँप्लिफायरने मूळ आवाजात केलेला बिघाड) सारखेच, ०.१ टक्का, दिलेले असूनही त्यांतला एक कानाला खुपतो, मग मोजमापांवर विश्वास ठेवावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते मोजमाप खोटे नाही; तो आकडा काढताना कान कसा ऐकतो याचा विचार केलेला नसतो, एवढेच.

अँप्लिफायर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतेचे जादा स्वर घालतो; ते हार्मोनिक. त्यांचा एकत्रित आकडा, म्हणजे एकूण हार्मोनिक विरूपण, काढताना दुसऱ्या आणि सातव्या हार्मोनिकला एकच वजन मिळते. कानाचे तसे नाही. मोठा आवाज आपल्या आसपासच्या, विशेषतः आपल्याहून उंच वारंवारतेच्या क्षीण आवाजांना झाकून टाकतो. त्यामुळे १००० हर्ट्झच्या स्वराचा २००० हर्ट्झवरचा दुसरा हार्मोनिक बराचसा लपतो, पण ७००० हर्ट्झवरचा सातवा त्या आडोशाबाहेर पडतो. शिवाय हा आडोसा मूळ आवाज मोठा असतानाच दूरवर पोहोचतो. क्रॉसओव्हर विरूपण, म्हणजे लहरीचा धन आणि ऋण भाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर हाताळत असताना त्यांच्या सांध्यावर होणारा बिघाड, म्हणूनच इतके बोचते: त्यात वरचे हार्मोनिक भरपूर असतात आणि संगीत हळू होते तसे त्याचे प्रमाण वाढत जाते, म्हणजे नेमके आडोसा आखूड झालेला असताना. माहितीपत्रकातला आकडा मात्र बहुधा पूर्ण शक्तीच्या जवळपास घेतलेला असतो. तेव्हा एका वॅटवरचे, हार्मोनिक सुटे दाखवणारे आलेख मिळाले तर तेच पाहावेत.

योग्य मोजमाप निवडले तर ते कानाशी जुळते, याचा उत्तम पुरावा स्पीकरच्या बाबतीत आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत केलेल्या प्रयोगांत, कोणता स्पीकर वाजतो आहे हे ठाऊक नसलेल्या श्रोत्यांची पसंती समोरचा प्रतिसाद (वेगवेगळ्या वारंवारतांना मिळणारी पातळी) सपाट आणि बाजूंचा प्रतिसाद सुरळीत असलेल्या स्पीकरकडे झुकली.

तरीही संगीतात ०.१ टक्का विरूपण बहुतेक वेळा झाकलेच जाते, म्हणून आधी एक शंका फेडून घ्या. थोडा मोठा वाजणारा अँप्लिफायर मोठा न वाटता वेगळ्या प्रतीचा वाटतो. स्पीकरच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजून दोघांतला फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे साधारण एका टक्क्यापर्यंत, आणा आणि कोणता चालू आहे हे न कळता, दुसऱ्या कुणाला अदलाबदल करायला सांगून, पुन्हा ऐका.