९७ टक्के लोकांचा कर वाढणारच नव्हता, तरी इलिनॉयच्या मतदारांनी तो प्रस्ताव का पाडला?

तुम्ही विचारलंय की नोव्हेंबर २०२० मध्ये इलिनॉय राज्यात फक्त श्रीमंतांवर जास्त इन्कम टॅक्स लावायचा प्रस्ताव होता, राज्य कर्जात बुडालेलं, मग लोकांनी 'नाही' का म्हटलं, त्यांना स्वतःचा फायदा कळत नाही का. मी २००५ पासून शिकागोच्या पश्चिमेला ड्यूपेज काउंटीत राहतो, २०१८ ला सिटिझन झालो आणि २०२० ला या प्रश्नावर स्वतः मत दिलं, 'हो' म्हणून. शेजारच्या रिटायर्ड शिक्षिका बाईंनी 'नाही' दिलं. त्यांना फायदा कळत नव्हता असं मी कधीच म्हणणार नाही, उलट त्यांना या राज्याचा हिशोब माझ्यापेक्षा जास्त पाठ होता.

आधी एक गोष्ट, कारण तिकडे बसून हे पटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स दिल्ली घेते, महाराष्ट्र सरकार पगारातून कापतं तो व्यवसाय कर, महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, बस. इथे बहुतेक राज्यांत फेडरल, म्हणजे केंद्राचा टॅक्स वेगळा आणि राज्याचा इन्कम टॅक्स वेगळा, दोन्ही पगारातूनच. आणि इलिनॉयच्या १९७० च्या राज्यघटनेत लिहिलंय की हा कर सगळ्यांना एकाच दराने लावायचा, म्हणजे हॉटेलात भांडी घासणारा आणि अब्जाधीश दोघांना आज ४.९५ टक्के. बदलायचं तर घटनादुरुस्ती, आणि त्यासाठी त्या प्रश्नावर मत देणाऱ्यांपैकी ६० टक्के किंवा त्या निवडणुकीत मतदान केलेल्या सगळ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचा होकार लागतो.

आता खरं कारण. जानेवारी २०११ मध्ये गव्हर्नर (इथे हे निवडून आलेलं पद, आपल्या मुख्यमंत्र्यासारखं) पॅट क्विन यांच्या काळात हा दर ३ वरून ५ टक्के केला, तोही जुन्या विधानसभेचे शेवटचे तास उरलेले असताना. माझा पे-स्टब मला अजून आठवतो, दर दोन आठवड्यांनी राज्याचे साधारण ९० डॉलर जायचे ते एकदम १५० च्या आसपास गेले, मला तेव्हा मत पण नव्हतं, एच-वन-बी वर होतो. सांगितलं काय, तर तात्पुरती वाढ आहे, चार वर्षांत थकबाकी फेडू, गाडी रुळावर आणू. वर्षाला साधारण ७ अब्ज डॉलर जास्तीचे आले, त्यातला मोठा वाटा पेन्शनमध्ये गेला, आणि चार वर्षं संपली तरी थकीत बिलं होतीच.

पेन्शन हे सगळ्याचं मूळ. शिक्षकांच्या पगारातून ९ टक्क्यांच्या वर रक्कम दर महिन्याला कापली जायची, त्यात कधी खंड नाही, पण राज्याने आपला वाटा वर्षानुवर्षं कमी भरला, २००६ आणि २००७ ला तर चक्क कायदा करून दोन वर्षांत २ अब्ज डॉलरच्या वर कमी टाकले. आजचं मरण उद्यावर. २०२० पर्यंत ही तूट १४० अब्ज डॉलरच्या आसपास पोचली होती. बरं पेन्शन कापावी तर घटनेतच आहे की ती कमी करता येणार नाही, २०१३ ला कायदा केला तो राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मे २०१५ मध्ये एकमताने रद्द केला. आणि इथल्या शिक्षकांना शिकवण्याच्या नोकरीवर सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्राची म्हातारपणची पेन्शन, मिळत नाही, राज्याची पेन्शन हाच आधार, त्यामुळे ते कोर्टात गेले यात मला काही चूक दिसत नाही. महाराष्ट्रात मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा दोन्ही बाजूंचे मेसेज मी वाचत होतो आणि सारखं वाटत होतं की कुणीतरी विचारा रे, दरवर्षी पैसे बाजूला टाकणार का, नुसतं कागदावर द्यायला कुणाचं काय जातं.

मग आलं २०१५. ठरल्याप्रमाणे दर ३.७५ वर आला, नवीन रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर आणि डेमोक्रॅट स्पीकर (विधानसभेचे अध्यक्ष) मायकल मॅडिगन यांचं जमेना, आणि जुलै २०१५ ते जुलै २०१७ राज्याला पूर्ण बजेटच नव्हतं. ७३६ दिवस घोंगडं भिजत पडलेलं. बाहेरच्या लोकांना हा आकडा वाटतो, आमच्या घरात तो रोज जेवायला बसायचा. माझी बायको तेव्हा एका छोट्या संस्थेत बिलिंग बघायची, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे मदतनीस पाठवायचं काम, आंघोळ घालणं, औषधं देणं, थोडा स्वयंपाक, आणि त्याचे पैसे राज्याकडून यायचे. तिच्या एक्सेल शीटमध्ये थकलेल्या बिलांचे कॉलम होते ३० दिवस, ६०, ९०, १२०. २०१६ च्या उन्हाळ्यात तिने १८० चा कॉलम वाढवला. संस्थेने बँकेकडून उचल घेऊन पगार केले, ती उचल संपली, मग मदतनीस बायकांचे तास कमी केले. एक म्हातारे गृहस्थ रोज फोन करायचे की आज कुणी येणार का, आणि त्यांना काय सांगायचं हे तिला कळायचं नाही, ती घरी येऊन गप्प बसायची.

त्याच काळात कॉलेजच्या गरीब मुलांची राज्याची ग्रँट थकली, शिकागो स्टेट युनिव्हर्सिटीने सगळ्याच कर्मचाऱ्यांना ले-ऑफच्या नोटिसा पाठवल्या, लॉटरी जिंकलेल्या लोकांना सुद्धा पैसे थांबवले. आणि ९० दिवसांच्या वर थकलेल्या बहुतेक बिलांवर राज्याला महिन्याला १ टक्का व्याज द्यावं लागतं, म्हणजे न दिलेल्या पैशावरचं व्याजही आपल्याच खिशातून. शेवटी जुलै २०१७ ला काही रिपब्लिकन आमदारांनी पण साथ दिली, गव्हर्नरचा व्हेटो मोडून काढला, दर ४.९५ झाला. राज्याचं बाँड रेटिंग, म्हणजे कर्जबाजारातली पत, तेव्हा 'जंक' या भरवसा नसलेल्या दर्जाच्या एकच पायरी वर होतं. मी तेव्हा म्हटलं होतं की वाढवा पण बिलं भरा, आणि आजही म्हणतो.

आता २०२०. गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांचं म्हणणं होतं की अडीच लाख डॉलरच्या आत ज्यांचं उत्पन्न, म्हणजे ९७ टक्के लोक, त्यांचा कर तेवढाच राहील किंवा किंचित कमी होईल, त्यावरच्यांना ७.७५ पासून ७.९९ पर्यंत. स्वतः अब्जाधीश असून त्यांनी प्रचारात ५ कोटी डॉलरच्या वर घातले, समोरून केन ग्रिफिन या दुसऱ्या अब्जाधीशाने पण तेवढेच, टीव्ही लावला की दुसरं काही दिसायचं नाही.

पण मुद्दा जाहिरातींचा नव्हता. मतपत्रिकेवर हे दर नव्हतेच. त्यावर एवढंच होतं की 'सगळ्यांना एकच दर' ही घटनेतली अट काढायची का. दर वेगळ्या साध्या कायद्यात होते, आणि साधा कायदा आमदार साध्या बहुमताने कधीही बदलू शकतात. शेजारच्या बाई ऑक्टोबरमध्ये अंगणातली पानं गोळा करता करता मास्क खाली ओढून मला म्हणाल्या (मी आपल्या भाषेत सांगतो), श्रीमंतांनी जास्त द्यावं हे मला मान्यच आहे रे, पण ज्यांनी माझ्या पेन्शनचा वाटा भरला नाही त्यांच्या हातात मी कोरा चेक देऊ? आज अडीच लाखाची रेघ आहे, ती उद्या ऐंशी हजारावर येणार नाही हे कुठे लिहिलंय? इलिनॉय पेन्शनच्या पैशावर इन्कम टॅक्स घेत नाही, ती सूट जाईल ही भीती तर सगळ्याच रिटायर्ड लोकांना होती. आणि त्याच जुलैमध्ये कॉमेड या वीज कंपनीने कबूल केलेलं की मॅडिगनना खूश ठेवायला त्यांच्या माणसांना कामं आणि पैसे दिले, २० कोटी डॉलर दंड भरला. तेच मॅडिगन तेव्हा स्पीकर होते, म्हणजे उद्याचे दर त्यांच्याच सभागृहात ठरणार. (पुढे २०२५ ला त्यांना साडेसात वर्षांची शिक्षा झाली.) माझ्याकडे बाईंना द्यायला उत्तर नव्हतं, मी १८० दिवसांचा कॉलम बघितला होता म्हणून 'हो' म्हणत होतो, एवढंच.

निकाल, साधारण ५३ टक्के 'नाही'. आणि त्याच मतपत्रिकेवर बायडेन या राज्यात १७ टक्क्यांनी जिंकले, म्हणजे लाखो लोकांनी डेमोक्रॅट निवडून त्यांचाच कर नाकारला. त्यामुळे 'लोक श्रीमंतांच्या बाजूने गेले' असं कुणी लिहिलं की मला वाईट वाटतं, ते खरं नाही.

त्यात प्रॉपर्टी टॅक्स धरा, तो इथे देशात सगळ्यात जास्त असलेल्या राज्यांत मोडतो. आमचं घर साडेतीन लाखाचं, बिल साडेआठ हजाराच्या घरात, निम्म्याहून जास्त शाळेला. राज्य शाळांना पुरेसं देत नाही म्हणून तो भार घरावर येतो. अशा माणसाला 'तुझा कर वाढणार नाही' म्हटलं तर तो विचारणारच, कमी कधी होणार?

नंतर कोविडचा केंद्राचा पैसा आला, महसूल वाढला, जुनी बिलं बरीच फिटली आणि रेटिंग पण सुधारलं, पेन्शनची तूट मात्र तशीच डोक्यावर आहे. नोव्हेंबर २०२४ ला परत एक प्रश्न आला, १० लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर आणखी ३ टक्के लावून तो पैसा प्रॉपर्टी टॅक्स कमी करायला वापरावा का. नुसता सल्ला, सरकारवर बंधन काही नाही. साधारण ६० टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. या वेळी रेघ कुठे आहे आणि पैसा कुठे जाणार हे दोन्ही प्रश्नातच लिहिलेलं होतं. शेजारच्या बाईंनी पण 'हो' दिलं, मतदान करून येताना त्यांनीच मला हाक मारून सांगितलं.