पखवाजाची थाप फाटतेय आणि मीटर मात्र लाल होत नाही, असं का?

तुम्ही म्हणताय मंदिरातलं भजन मिक्सरच्या आउटमधून वायर घेऊन छोट्या रेकॉर्डरच्या माइक इनपुटला लावलं, मीटर उणे ६ डीबीच्या वर गेलाच नाही (० डीबी ही वरची मर्यादा), तरी पखवाजाची थाप फाटते आणि ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमी केला तरी फाटणं जात नाही. ते जाणारच नाही. रेकॉर्डर आवाजाची लाट आकड्यांत लिहितो, १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा ३२७६७, त्याच्या वरचं काही आलं की तेच ३२७६७ लिहिलं जातं आणि लाटेचं डोकं सपाट होतं, यालाच क्लिपिंग म्हणतात, मग तुम्ही आवाज निम्मा केला तर तेच सपाट डोकं १६३८३ वर येतं, बस.

पण तुमचा मीटर तर उणे ६ ला थांबलाय, म्हणजे क्लिपिंग त्याच्या आधीच झालंय. मिक्सरचा लाइन आउट माइकपेक्षा शंभरपट किंवा त्याहून मोठा सिग्नल देतो, तो माइकच्या प्रीअँपमध्ये (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या भागात) घुसला की तिथेच छाटला जातो. बऱ्याच छोट्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड लेव्हलचं बटण या प्रीअँपच्या नंतर येतं, त्यामुळे ते कमी केल्यावर मीटर शांत दिसतो पण आत जाणारा सिग्नल आधीच छाटलेला असतो. खात्री करायची तर एक थाप खूप झूम करून बघा, सगळी डोकी वरच्या ० डीबी मर्यादेच्या खाली एकाच उंचीवर सपाट दिसली तर हेच. ऑडॅसिटीचं शो क्लिपिंग इथे उपयोगी नाही, ते फक्त पार वर त्या मर्यादेला टेकलेलंच लाल दाखवतं.

अजून एक गोष्ट नीट ऐका, थाप पडते त्या क्षणी बुवांचा आवाज पण दबतो की नाही? कणीक लावलेल्या धुम्याची, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूची लाट मोठी आणि संथ, गाणं तिच्या पाठीवर बसलेलं असतं, आणि डोकं छाटलं की तेवढ्या क्षणाचं गाणंही छाटलं जातं. आमच्या गावच्या सप्ताहातलं काल्याचं कीर्तन मी असंच घालवलंय, ते बुवा आता नाहीत, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

आता उपाय. रेकॉर्डरला लाइन इन असेल तर तिथेच लावा, नसेल तर ४० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल लहान करणारा जोड) मध्ये टाका. मिक्सरवर त्या चॅनलचा वरचा गेन पण बघा, पीक लाइट पेटत असेल तर खालचा सरकता फेडर खाली करून काही होत नाही. २४ बिट ठेवा आणि लेव्हल गजराच्या जोरावर लावा, सुरुवातीच्या संथ अभंगावर नको, सगळ्यात जोरातली थाप उणे १२ च्या आसपास आली की पुरे. ३२ बिट फ्लोट (खूप मोठे आकडेही मावणारा फॉरमॅट) घेतलं की सुटलो असं नाही, प्रीअँपच छाटत असेल तर तेही काही करू शकत नाही.

ऐकताना होणारं क्लिपिंग वेगळं, फोनच्या इक्वलायझरमध्ये बेस ६ डीबी वाढवला की मूळ फाइल चांगली असूनही फाटते, तिथे इक्वलायझरमधलाच प्रीअँप नावाचा स्लायडर तेवढाच खाली घ्या. एमपीथ्री करताना पीक (लाटेची सगळ्यात उंच टोकं) उणे १ डीबीच्या खाली ठेवा, कारण एन्कोड झाल्यावर ते थोडे वर सरकतात.

झालेल्या रेकॉर्डिंगला ऑडॅसिटीतला क्लिप फिक्स इफेक्ट लावून बघता येईल, डोकं दोन-चार सॅम्पल (लिहिलेले आकडे) सपाट असेल तर ते बरं जमवतं, लांब असेल तर नुसता अंदाज. पण ते मूळ फाइलवर करा, एमपीथ्री केलेल्या कॉपीवर नको, मूळ अजून कार्डात असेल तर आधी तिची एक प्रत काढून ठेवा.