शाफ्ट हलतोय म्हणजे टर्बो गेला का?

2 लाख किलोमीटर चाललेली डिझेल गाडी बघताना तुम्ही टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडे, जाणारा हवेचा पाइप काढलात. शाफ्ट (त्या पंख्याचा दांडा) बोटाने हलतोय, पाइपात तेलही दिसतंय, तेव्हा टर्बो बदलावाच लागेल का, असं विचारताय.

एवढ्यावरून नाही. हीच दोन लक्षणं बघून मी एकदा टर्बो बदलला होता. महिन्याभरात नव्याचाही पाइप तेलकट! तेल येत होतं ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून.

बहुतेक टर्बोंचा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगत फिरतो, मिनिटाला लाखाहून जास्त फेरे. इंजिन बंद असलं की तो थर नसतो, मग आडवा थोडा हलणारच. म्हणून थंड, बंद इंजिनावर शाफ्ट एका बाजूला हलकेच दाबून धरा आणि तसाच फिरवा. सगळ्या बाजूंनी करा. पंख्याची पाती हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासली तर टर्बो संपला. मग शाफ्ट पुढे-मागे ओढून बघा. इथली सूट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची, त्यामुळे बोटाला स्पष्ट टक् जाणवली तर शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग झिजलंय. टॉर्च मारून पात्यांच्या कडाही बघा. कुरतडल्यासारख्या असतील तर एअर फिल्टरकडे कुणीतरी दुर्लक्ष केलंय.

पाइपात तेलाचा पातळ हात फिरल्यासारखा थर चालतो. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या होजमध्ये (रबरी नळीत) तेल साचलेलं असेल तर शोध घ्या, पण आधी ब्रीदर आणि टर्बोतलं तेल परत इंजिनात नेणारा रिटर्न पाइप तपासा. रिटर्न पाइपातून तेल नुसतं उतारानेच खाली येतं, तो तुंबला तर धडधाकट टर्बोही तेल सोडतो.

गाडी गरम झाल्यावर चारपाच मिनिटं आयडलवर ठेवून रेस द्या. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर आणि पिकअप नाही, तर बऱ्याचदा होज फाटलेली निघते. भोंग्यासारखा चढत जाणारा आवाज मात्र मला कधीच आवडत नाही.

खरं सांगू? मी सगळ्यात आधी ऑइलचं झाकण उघडतो. खाली काळा चिकट गाळ असेल, ऑइल बदलल्याची नोंद नसेल, तर शाफ्ट कितीही घट्ट लागो, मी ती गाडी घेत नाही. आणि टर्बो बदलायचीच वेळ आली तर टर्बोला तेल पोचवणारा जुना ऑइल फीड पाइप परत बसवू देऊ नका. आतली जळक्या तेलाची खपली सुटून नव्या बेअरिंगचं तेल अडवते.