वाचकांचे प्रश्न : अंगणातले काँक्रीट आणि त्याखालची जमीन

प्रश्न : घराच्या मागील दारापुढे, भिंतीलगत ५ मीटर लांब आणि भिंतीपासून बाहेर ४ मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे. तेथे बसण्याउठण्यासाठी काँक्रीटचा पॅटिओ करावयाचा आहे. मिस्त्रींचे म्हणणे असे, की वरची माती थोडी खरवडून चार इंच काँक्रीट टाकावे आणि सिमेंट जरा सढळ हाताने घालावे, म्हणजे पुढे पाहायला नको. हा सल्ला योग्य आहे काय? ढाळ, लोखंडी जाळी आणि मालाचा हिशेब कसा करावा?

उत्तर : मिस्त्रींनी सांगितलेली जाडी बरोबर आहे, बाकीच्या दोन्ही गोष्टी मला पटत नाहीत. केवळ माणसांची ये-जा आणि बसण्याचे सामान असेल, तर १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंच, जाडी पुरते. मात्र कच्च्या जमिनीची उणीव जादा सिमेंटने भरून निघत नाही. काँक्रीट दाबाला कणखर असले, तरी ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या सुमारे एक दशांशच असते. खालची माती एका बाजूने बसली आणि तेवढा भाग अधांतरी राहिला, की स्लॅब आपल्याच वजनाने वाकतो व तडकतो. आपल्या २० चौरस मीटरच्या स्लॅबचे वजन पाच टनांच्या आसपास भरेल, हे लक्षात घ्यावे. शिवाय सिमेंटचे प्रमाण उगाच वाढवले, की सुकताना होणारे आकुंचनही वाढते, म्हणजे ज्या भेगांच्या भीतीने आपण सिमेंट वाढवू, त्याच भेगांना आपण आमंत्रण देऊ.

म्हणून खर्चाचा आणि कष्टांचा पहिला हिस्सा जमिनीसाठी राखावा. गवत, मुळे आणि काळसर भुसभुशीत थर पूर्णपणे काढून टाकावा, कारण त्यातील पालापाचोळा कुजत जातो आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. १५० मिलिमीटर भराव आणि १०० मिलिमीटर काँक्रीट असा हिशेब धरल्यास तयार पृष्ठभागाच्या पातळीपासून २५० मिलिमीटर खाली उतरावे लागेल. माती पाण्याने फुगणारी चिकण असेल, तर आणखी खोल जाणे बरे. भरावासाठी खडी आणि बारीक कच यांचे मिश्रण किंवा चांगला मुरूम वापरावा; तो एकदम न टाकता साधारण ७५ मिलिमीटरच्या थरांत पसरावा, प्रत्येक थर किंचित ओला करावा आणि धुम्मसाने किंवा यंत्राने ठोकून घ्यावा. ठोकलेल्या भरावावर टाच जोराने दाबून गोल फिरवावी. खळगा पडला, तर काम अपुरे आहे; नुसता ओरखडा उठला, तर पुढे जाण्यास हरकत नाही. नळ किंवा विजेची नळी पुढेमागे न्यावयाची असेल, तर ती याच वेळी घालावी.

आखणी दोरीने करावी आणि काटकोन डोळ्यांच्या भरवशावर सोडू नये. ४ मीटर आणि ५ मीटर बाजूंच्या चौकटीचे दोन्ही कर्ण ६.४० मीटर भरले, तरच कोपरे काटकोनात आहेत असे समजावे. ढाळ घरापासून बाहेरच्या दिशेने, मीटरला १० ते २० मिलिमीटर असावा. आपण १५ मिलिमीटर धरला, तर बाहेरची कड भिंतीकडील कडेपेक्षा ६० मिलिमीटर खाली येईल, आणि ही पातळी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने साच्याच्या फळ्यांवर आधीच पक्की करून घ्यावी. ओल्या काँक्रीटवर ढाळ देऊ म्हणणाऱ्याचा ढाळ हमखास चुकतो. स्लॅबचा माथा घराच्या जोत्यातील ओलप्रतिबंधक थरापेक्षा किमान १५० मिलिमीटर खाली ठेवावा, नाहीतर पॅटिओ उत्तम होईल आणि भिंत ओल धरील.

आता भेगांविषयी. सुकताना काँक्रीट मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर आकसते, म्हणजे आपल्या ५ मीटर लांबीत अडीच मिलिमीटरच्या आसपास. ते कोठेतरी फाटणारच. कोठे फाटावे, एवढेच आपल्या हाती असते, आणि त्यासाठी पृष्ठभागावर मुद्दाम सरळ खाच पाडतात; तोच सांधा. सांध्यांमधील अंतर जाडीच्या २४ ते ३० पटींपर्यंत असावे, म्हणजे आपल्या बाबतीत २.४ ते ३ मीटरांच्या आत. दोन्ही दिशांनी मधोमध एकेक सांधा घेतला, की २ मीटर बाय २.५ मीटरचे चार तुकडे होतात, आणि जवळजवळ चौरस असल्यामुळे ते चांगले टिकतात. सांध्याची खोली जाडीच्या किमान एक चतुर्थांश, येथे २५ मिलिमीटर, असावी. नुसती शोभेपुरती वरवर ओढलेली रेघ उपयोगाची नाही. भेग तिला न जुमानता शेजारून जाते. यंत्राने कापावयाचे असल्यास कडा तुटणार नाहीत इतके काँक्रीट घट्ट होताच, बहुधा त्याच दिवशी, कापून घ्यावे. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलेल्यांना भेग आधीच पडलेली दिसते. घराची भिंत आणि खांब यांच्याभोवती मात्र १० ते १२ मिलिमीटर जाडीची दबणारी पट्टी स्लॅबच्या पूर्ण जाडीत उभी घालावी, म्हणजे स्लॅब आणि घर एकमेकांना ओढणार नाहीत.

जाळीबद्दल बराच गैरसमज आहे. जाळी भेग पडू देत नाही असे नाही. पडलेली भेग ती रुंदावू देत नाही. हे काम तिला करता यावे, यासाठी ती स्लॅबच्या वरच्या अर्ध्या भागात हवी, म्हणून खाली कव्हर ब्लॉक, म्हणजे जाळी उचलून धरणारे छोटे ठोकळे, ठेवावेत आणि काँक्रीट ओतताना तिच्यावर कोणी उभे राहणार नाही हे पाहावे. माझ्या स्वतःच्या घरचा पहिला स्लॅब पुढे फोडावा लागला, तेव्हा सगळी जाळी तळाच्या मुरमात रुतलेली निघाली. मधूनमधून हाताने वर ओढून घेऊ, असे मी तेव्हा म्हणालो होतो.

मालाचा हिशेब सोपा आहे : ५ गुणिले ४ गुणिले ०.१, म्हणजे २ घनमीटर, आणि नासधुशीसह २.२. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी या प्रमाणाला घनमीटरमागे ५० किलोच्या सुमारे आठ गोण्या लागतात. १८ गोण्या आणवाव्यात. गोणीमागे पाणी २५ लिटरच्या वर जाऊ देऊ नये, आणि वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी केलेल्या काँक्रीटच्या अंगणावर झाडू फिरवला, की पांढरी पूड निघते, आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा आहेत. एका कोपऱ्यात तडा गेला आहे. वरून पातळ थर दिल्यास भागेल काय?

उत्तर : पूड आणि जाळीदार भेगा हे एक दुखणे आहे आणि कोपऱ्यातील तडा हे दुसरे, त्यांचा उपचारही वेगळा.

काँक्रीट ओतून सपाट केल्यावर काही वेळाने त्यावर पाण्याचा चकाकता पापुद्रा येतो. जड खडी-वाळू खाली बसताना वर ढकलले गेलेले ते पाणी असते. ते उडून जाण्याआधी थापी फिरवली किंवा ते शोषून घ्यावे म्हणून वरून कोरडे सिमेंट भुरभुरले, तर वरचे काही मिलिमीटर कमकुवत होतात. त्यात ओतण्याच्या वेळी माल सरकावा म्हणून पाणी वाढवले असेल, तर अधिकच. कारण सिमेंटच्या क्रियेत न लागलेले पाणी पुढे उडून जाते आणि मागे सूक्ष्म छिद्रे ठेवते. नवीन कामात चकाकी पूर्ण जाऊ द्यावी, पाय ठेवून पाहावा, आणि ठसा जेमतेम पाच मिलिमीटर उमटला, की रंधा फिरवावा. शेवटी खराटा ढाळाच्या दिशेने एकसारखा ओढावा, म्हणजे पाणी निथळते आणि पाय घसरत नाही. गुळगुळीत काँक्रीट दिसायला देखणे असते, पण पावसात धोक्याचे.

आणि पहिला आठवडा. आपण पाणी किती दिवस मारले, हे पत्रात लिहिलेले नाही, पण लक्षणांवरून फार दिवस मारलेले दिसत नाही. काँक्रीट सुकून घट्ट होत नाही. पाण्याशी सिमेंटची क्रिया होऊन ते घट्ट होते, आणि ओलावा गेला की ती क्रिया थांबते. निदान सात दिवस, कडक ऊन-वारा असल्यास दहा दिवस, पृष्ठभाग सतत ओला राहावा. सकाळ-संध्याकाळ नळी धरून अधूनमधून कोरडे पडू देण्यापेक्षा ओली गोणपाटे आणि त्यांवर प्लास्टिक अंथरणे केव्हाही चांगले. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते. जड वस्तू ठेवण्याची घाई करू नये.

आपल्या अंगणावर आता सिलिकेटयुक्त द्रव शोषवल्यास पूड बरीच थांबेल. बारीक भेगा दिसत राहतील, पण त्या खोल नसल्याने धोका नाही. कोपऱ्यातील तड्यावर मात्र सरळ पट्टी आडवी ठेवून पाहावी. दोन्ही कडा समपातळीत असतील, तर तो स्वच्छ करून लवचीक सीलंटने भरावा. एक कड खाली गेली असेल, तर तेथील भराव बसला आहे; अशा जागी दोन-तीन सेंटिमीटरचा थर दिला, तर त्यावर तीच भेग उमटेल आणि वर थर सुटून पोकळ वाजू लागेल. तेवढा कोपरा कापून, खालचा भराव नव्याने ठोकून, पुन्हा ओतणे हेच स्वस्त पडते.

प्रश्न : नवीन काँक्रीटवर लगेच फरशी बसवावी काय? आणि पुढे त्यावर मोटार उभी करता येईल काय?

उत्तर : निदान २८ दिवस थांबावे, आणि काँक्रीटमधील प्रत्येक सांधा फरशीतही त्याच रेषेत वर आणावा, वरून जाणारी अखंड फरशी नेमकी त्या सांध्यावर फुटते. मोटारीचा विचार असेल, तर जाडी १५० मिलिमीटर धरून सुरुवातीलाच तशी खोदाई करावी, कारण ती नंतर वाढवता येत नाही.