९ एमएम आणि .४५ साठी पहिली प्रोग्रेसिव्ह प्रेस कोणती घ्यावी?

तुम्ही म्हणताय की महिन्याला पाचशेच्या आसपास ९ एमएम पिस्तुलाच्या गोळ्या लागतात, अधूनमधून .४५ एसीपीच्या, आणि वापरलेल्या केस (पितळी टरफलं) घरीच सिंगल स्टेज प्रेसवर, म्हणजे एका ओढीला एकच काम करणाऱ्या यंत्रावर, परत भरून भरून आता कंटाळा आलाय, तर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका ओढीला सगळ्या स्टेशनवर काम करणाऱ्या प्रेसपैकी डिलन कंपनीची ५५० घ्यावी, ७५० घ्यावी की लीची सिक्स पॅक घेऊन पैसे वाचवावेत. तुमच्या या गरजेला मी तरी डोळे झाकून ५५० सांगेन.

ताशी किती राउंड (तयार गोळ्या) निघतात हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. ५५० ला कंपनी तासाला ४०० ते ६०० सांगते, म्हणजे तुमच्या महिन्याचा माल निवांत भरला तरी एका सुट्टीच्या सकाळी होतो. ७५० त्याहून बरीच जोरात चालते हे खरंय पण तो वाचलेला अर्धा तास घेऊन तुम्ही करणार काय? प्रेस निवडताना बघायचं ते हे, की पावडर (दारू) पडल्यावर आणि बुलेट (गोळीचं पुढचं टोक) बसायच्या आधी केसच्या आत तुम्हाला नीट दिसतं का, आणि काही अडकलं तर कुठल्या केसचं काय झालंय हे कळतं का.

कारण ९ एमएमच्या केसमध्ये पावडर जाते साधारण चार-पाच ग्रेन (वजनाचं छोटं माप), आणि बऱ्याच पावडर अशा आहेत की दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, गपचूप मावते. ती गोळी पिस्तूल फोडू शकते. उलट पावडर पडलीच नाही तर नुसत्या प्रायमरच्या (केसच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) जोरावर बुलेट बॅरलमध्ये जाऊन अडकते, आवाज फुसका येतो, आणि ते न कळता मागून दुसरी मारली की बॅरल गेलीच समजा, हातालाही इजा होऊ शकते.

५५० ची शेलप्लेट (केस धरणारी चकती) हाताने फिरवायची असते, आणि लोक नेमकं यालाच नावं ठेवतात, की फिरवायचं विसरलं तर त्याच केसमध्ये दोनदा पावडर पडेल. धोका खरा आहे, पण प्रत्यक्ष काय होतं बघा. पहिल्या स्टेशनवर जुना प्रायमर निघून केस साइझ होते (मूळ मापात येते) आणि नवा प्रायमर बसतो, दुसऱ्यावर पावडर, तिसऱ्यावर बुलेट, चौथ्यावर क्रिंप (केसचं तोंड बुलेटवर दाबणं). फिरवायचं राहिलं तर तुम्ही बुलेट घेऊन तिसऱ्या स्टेशनकडे जाता तेव्हा तिथे आधीच बुलेट बसलेली असते, हाताला जागाच मिळत नाही. घोटाळा होतो तो मध्येच कोणीतरी हाक मारली आणि परत येऊन नुसतं हँडल ओढलं तेव्हा. म्हणून उठावं लागलं तर दुसऱ्या स्टेशनवरची केस काढून तिच्यातली पावडर परत डब्यात ओतायची आणि मगच पुढे जायचं, याला अपवाद नाही. आणि पावडर निवडताना रीलोडिंग मॅन्युअलमधली अशी बघा जी केस बऱ्यापैकी भरते, म्हणजे दुप्पट पडली तर सांडेल आणि दिसेल.

७५० सारख्या ऑटो इंडेक्सवाल्या (शेलप्लेट आपोआप फिरवणाऱ्या) प्रेसमध्ये फिरवायचं विसरणं नाही, पण काही अडकून हँडल अर्धवट मागेपुढे झालं की सगळ्याच केसचा हिशोब ठेवावा लागतो, नवीन माणसाचा गोंधळ तिथेच होतो. आणि .४५ मध्ये अडकणारच, कारण त्याच्या केस लहान आणि मोठ्या अशा दोन्ही प्रायमर पॉकेटच्या (प्रायमर बसायच्या खाचेच्या) मिळतात, वरून दोन्ही सारख्याच. मोठ्या प्रायमरवर सेट केलेल्या प्रेसमध्ये लहान पॉकेटची केस आली की हँडल पुढे ढकलताना मध्येच टणक लागतं. तिथे जोर लावू नका हो, प्रायमर फुटू शकतो. त्यापेक्षा .४५ च्या केस आधीच टेबलावर उलट्या मांडून वेगळ्या करा.

७५० कधी घ्यावी? एकच कॅलिबर आणि महिन्याला हजारोंनी लागत असतील तर. त्यात पाचवं स्टेशन मिळतं, म्हणजे पावडर चेक (पावडर बरोबर पडली का ते सांगणारं साधन) लावूनही बुलेट बसवणं आणि क्रिंप वेगवेगळे ठेवता येतात, हा मोठाच फायदा आहे. हॉर्नडीची लॉक-एन-लोड एपी पण पाच स्टेशनची, ती अर्धं वर जाताना आणि अर्धं खाली येताना फिरते त्यामुळे पावडर हिंदकळत नाही, मला आवडते. ली स्वस्त आहे, सहा स्टेशन आहेत, पण सारखं काहीतरी ॲडजस्ट करत बसायची आवड असेल तरच घ्या. डिलनची स्क्वेअर डील बी कोणी स्वस्तात देत असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिला तिच्याच वेगळ्या डाय (स्टेशनवर बसणारे साचे) लागतात, तुमच्याकडच्या बसणार नाहीत.

बजेट काढताना प्रत्येक कॅलिबरचा कन्व्हर्जन किट (कॅलिबर बदलायला लागणारे भाग) आणि वेगळा टूलहेड (डाय बसवायची प्लेट) धरा, म्हणजे डायचं सेटिंग परत परत मोडावं लागत नाही. प्रेसच्या आत बघायला एलईडी लाइट, चांगला वजनकाटा आणि तो तपासायचं वजन हे तर हवंच. टेबल भक्कम असू द्या, टेबल हललं की पावडरचं वजन बदलतं. डोळ्याला चष्मा, टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा, आणि उठल्यावर हात साबणाने धुवायचे कारण जळलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं.

प्रेस आली की सुरुवातीला चारही स्टेशन भरू नका. एकच केस ठेवा, ती चारही ठिकाणी फिरवा, दुसऱ्यावरून प्रत्येक वेळी पावडर काढून काट्यावर घाला, आणि वजन सलग सारखं यायला लागलं की मगच पहिल्या स्टेशनवर दुसरी केस ठेवा.