बाइंडर बंद करून कोंबड्यांना नुसती हळद-भुईआवळा दिला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की 300 देशी कोंबड्या आहेत, पावसाळ्यात मक्याला वास येतो, टॉक्सिन बाइंडर (खाद्यातलं बुरशीचं विष धरून ठेवणारी पूड) महाग पडतो, मग तो बंद करून घरचीच हळद आणि भुईआवळा खाद्यात घातला तर चालेल का. घाला की, पण बाइंडर बंद करून नाही. मला हे अख्खी बॅच घालवून कळलं म्हणून जरा लांबच लिहिते.

आमचं शेड इंदूरजवळ, राऊच्या पुढे महू रस्त्याला. मागे एका श्रावणात भावजी मंडीतून स्वस्तात मका घेऊन आले, वरून पिवळाधमक, पण पोत्यात हात घातला तर आत चक्क गरम. सासूबाई म्हणाल्या पण, अरे हा मका घामेजलाय, पण ऐकतंय कोण, मी म्हटलं हळद घालू, हळद काय सगळ्यावर चालते. घातली मूठमूठ अंदाजाने. पंधरा-वीस दिवसांत अंडी घटली, पिसं विस्कटली आणि रानीखेतची लस झालेल्या कोंबड्यांनाच रानीखेत झाला!! मेलेल्या दोन महूच्या व्हेटरनरी कॉलेजात नेल्या, फाडून बघितलं तर लिव्हर फिकट पिवळं, सुजलेलं, बोट लावलं तर फुटेल असं. मक्यातल्या बुरशीचं विष प्रतिकारशक्तीच मारतं, मग लस टोचली काय नि नाही काय.

मक्यात मेन भानगड अफलाटॉक्सिन बी-1 ची, हेच ते बुरशीचं विष. गंमत म्हणजे (गंमत कसली) ते पोटात गेल्यावर लिव्हरच त्याला मोडायला जातं आणि त्यातून आणखी जहाल रूप तयार होतं, ते पेशींना चिकटतं. हळदीतलं करक्युमिन, भुईआवळा, कुटकी, माका (मका नव्हे, भृंगराज) ही सगळी मंडळी तिथे लिव्हरमध्ये कामाला येतात, म्हणजे विष रक्तात शिरल्यानंतर. बेंटोनाइटसारख्या मातीचा बाइंडर विषाला आतड्यातच धरतो आणि विष्ठेतून बाहेर काढतो. एकाचं काम दुसरा कसं करणार? 2008 मध्ये ब्रॉयलर पिल्लांवरचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात खाद्यात 1 पीपीएम (दहा लाखात एक भाग) अफलाटॉक्सिन होतं, नुसत्या हळदीने थोडा फायदा झाला पण हळद आणि मातीचा बाइंडर दोन्ही दिल्यावर जास्त. हळद होती अर्धा टक्का, म्हणजे किलोला 5 ग्रॅम, आणि त्यातलं करक्युमिन मोजलेलं होतं. आपल्या बाजारातल्या पुडीत किती असतं देव जाणे, आणि ओलसर साठवलेल्या हळदीतही अफलाटॉक्सिन निघतं, म्हणजे औषधातूनच विष! म्हणून मी अख्खी हळकुंडं आणून दळते.

पण बाइंडरही सगळ्यावर चालत नाही हं. अफलाटॉक्सिनला तो छान धरतो, टी-2 ला (हेही बुरशीचंच दुसरं विष) जवळपास नाहीच. चोचीत, जिभेवर फोड दिसले तर टी-2 चा संशय घ्या, किडन्या सुजून पांढरे खडे दिसले तर ऑक्राटॉक्सिनचा (बुरशीचंच तिसरं विष), आणि डॉक्टरांना दाखवा.

आता मी काय करते तर मका दाताखाली कडकन् फुटला तरच घेते, ओलावा 12-13 टक्क्यांच्या वर नको, पोती फळ्यांवर, भिंतीपासून लांब, आणि पावसाळ्यात भरडा आठवड्यापुरताच कारण दळलेल्याला बुरशी पटकन धरते. शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात बंद, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली पेंड) आपल्याकडे मिळतेच. बाइंडर पाकिटावर लिहिलाय तेवढा, त्यात हळद, आणि सुकवलेल्या भुईआवळ्याची पूड लस देण्याच्या आठवड्यात. टेस्टला नमुना द्यायचा तर दहा-बारा पोत्यांतून थोडा थोडा काढून मिसळा, बुरशी एका कोपऱ्यात असते आणि बाकी पोतं साफ निघतं. कोंबडीखाद्यात बी-1 ची हद्द 20 पीपीबी (शंभर कोटीत 20 भाग) आहे.

आणि उन्हात वाळवून, भाजून, हिरवट दाणे निवडून 'आता चालेल' असं करू नका, बुरशी मरते पण विष बरंचसं तसंच राहतं. गाईलाही ढकलू नका, दुधात उतरतं. आमची उरलेली पाच पोती खड्ड्यात पुरली, भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.