कर्जच घेतलं नाही, मग स्कोर कुठून येणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्मी पत्रं सिबिल स्कोरबद्दलची, म्हणजे आपण उधारी कशी फेडतो यावरून मिळणाऱ्या आकड्याबद्दलची आहेत आणि गंमत म्हणजे ती कर्जात बुडालेल्यांची नाहीत, ज्यांनी कधी कर्ज घेतलंच नाही किंवा जेमतेम घेतलंय अशांची आहेत. त्यातली पाच इथे घेतेय.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे, घरी शिकवण्या घेते. दहा वर्षं खात्यात नियमित पैसे जमा होतात, एफडी आहेत, कुणाचं एक रुपया देणं नाही. मिस्टरांच्या क्रेडिट कार्डाचं ॲड-ऑन कार्ड सहा वर्षं वापरतेय. आता पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर स्कूटरसाठी लोन मागितलं तर बँकेतला मुलगा म्हणाला, मॅडम तुमचा स्कोरच येत नाहीये. स्कोर कमी असतो हे ऐकलंय, येतच नाही म्हणजे काय? माझं काय चुकलं?

उत्तर : चुकलं काहीच नाही ताई, कर्ज काढलं नाहीत एवढंच. स्कोर ३०० ते ९०० च्या मधे असतो पण तो काढायला आधी काहीतरी उधारी घेतलेली आणि फेडलेली दिसावी लागते, ती नसली की आकड्याच्या जागी एनएच किंवा उणे एक असलं काहीतरी येतं, म्हणजे हिस्टरीच नाही. परीक्षेलाच न बसलेल्याला कुणी नापास म्हणत नाही, तसं आहे हे. लोकांना वाटतं स्कोर म्हणजे आपल्या पैशाचं प्रगतिपुस्तक, पण खात्यात किती आहेत, एफडी किती, विम्याचे हप्ते किती वर्षं भरताय, यूपीआयने दिवसातून किती वेळा पैसे देता यातलं काहीच त्यात जात नाही. तिथे एवढंच बघतात की दुसऱ्याचे पैसे घेतले ते ठरल्या दिवशी परत केले का.

आणि त्या ॲड-ऑन कार्डाचं म्हणाल तर सहा वर्षांचं सगळं पुण्य मिस्टरांच्या नावावर जमा झालंय, बिल त्यांचं त्यामुळे हिस्टरीही त्यांचीच. (मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चांगलीच चिडले होते, कारण आमच्याकडेही कार्ड जास्त मीच वापरायचे.)

आता उपाय. तुमच्याकडे एफडी आहेत हे फार चांगलंय. त्यातली एक, समजा २५ हजारांची, बँकेकडे तारण ठेवून क्रेडिट कार्ड मागा. बऱ्याच बँका असं कार्ड देतात, त्याला स्कोर लागत नाही कारण बँकेचे पैसे सुरक्षित असतात, एफडीवर व्याज चालूच राहतं आणि लिमिट साधारण एफडीच्या ८० ते ९० टक्के मिळतं. फक्त घेताना एक प्रश्न विचारा, या कार्डाची माहिती क्रेडिट ब्युरोला (सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवून स्कोर काढणारी कंपनी) जाते ना? जाते म्हणाले की झालं.

मग कार्डावर लाइट बिल आणि मोबाईल रिचार्ज एवढंच टाका, हजार दोन हजार, बाकी काही नाही. बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल असं लावून ठेवा आणि लावताना नीट बघा, तिथे दोन पर्याय असतात, टोटल ड्यू म्हणजे पूर्ण बिल आणि मिनिमम ड्यू म्हणजे त्यातला कमीत कमी भरायचा भाग, त्यात टोटलच निवडायचं. मिनिमम भरलं की कार्ड थकलेलं दिसत नाही हे खरं, पण पैशाचं काय होतं बघा. दहा हजारांच्या बिलावर ५ टक्के म्हणजे ५०० रुपये मिनिमम भरलेत. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ३५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३ रुपये. म्हणजे ५०० मधले ४१३ असेच गेले आणि मूळ रकमेतून कमी झाले फक्त ८७.

साधारण सहा महिन्यांनी स्कोर दिसायला लागतो. तेव्हा आकडा बघायच्या आधी ब्युरोकडचा तुमचा रिपोर्ट उघडा, त्यात कार्डाच्या नावाखाली महिन्यांच्या छोट्या छोट्या चौकटी दिसतील. चौकटीत ००० असेल तर तो महिना वेळेत भरलाय, ०३० असेल तर तीस दिवस उशीर, आणि एक्सएक्सएक्स असेल तर बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही. शाळेत शून्य म्हणजे छडी होती, इथे तीन शून्यं म्हणजे पहिला नंबर. तुम्हाला त्या चौकटी भरायच्यात, आकडा त्यांच्या मागून येतो.

कधी कार्डावर मोठा खर्च करावाच लागला तर? लिमिट २० हजार आणि वॉशिंग मशीन १६ हजाराचं, तर लिमिटच्या ८० टक्के वापर झाला आणि बँकांना ते आवडत नाही, माणूस पैशाला अडलाय असं त्यांना वाटतं. साधारण ३० टक्क्यांच्या आत राहावं असा ठोकताळा आहे. मशीन जरूर घ्या, फक्त बिल बनायची वाट न बघता आठवड्याभरात ११-१२ हजार कार्डावर भरून टाका. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी ब्युरोला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे मोठी रक्कम जितकी कमी दिवस लटकेल तितकं बरं.

राहिलं स्कूटरचं लोन. केवळ हिस्टरी नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नकार देऊ नये असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलंय, सरकारने २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेतही ते सांगितलं. म्हणजे लोन मिळेलच असं नाही, बँक बाकीचं बघणारच. पण जिथे दहा वर्षं खातं आहे त्या शाखेत आयटी रिटर्न आणि पासबुक घेऊन मॅनेजरसमोर बसा, काउंटरवरच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर विषय संपवू नका.

प्रश्न : वय २३, पहिली नोकरी, सात महिने झाले. तीन ॲपवर पे लेटर आहे, सगळं वेळेत भरतो (एकदाच आठ दिवस उशीर झाला, २४० रुपये होते फक्त). गेल्या महिन्यात क्रेडिट कार्डसाठी पाच ठिकाणी अप्लाय केलं, पाचही रिजेक्ट. स्कोर ७१२ होता तो ६८० वर आला. काय करू?

उत्तर : तुला तू म्हणते, चालेल ना? आधी अप्लाय करणं बंद कर, आजच. तू अर्ज केलास की बँक तुझा रिपोर्ट मागवते आणि त्या मागवण्याची नोंद रिपोर्टात राहते, म्हणजे पाचव्या बँकेला दिसलं की हा पोरगा एका महिन्यात चार दारं ठोठावून आलाय. हिस्टरी दहा वर्षांची असती तर चार नोंदी पचल्या असत्या, सात महिन्यांच्या हिस्टरीत त्या उठून दिसतात. सहा महिने गप्प बस, मग जिथे पगार जमा होतो त्याच बँकेत माग आणि एकाच ठिकाणी.

दुसरं, पे लेटर, म्हणजे ‘आता घ्या, पैसे नंतर द्या’, हे लोन असतं रे. ॲपवर रंगीत बटण असलं तरी मागे कुठलीतरी फायनान्स कंपनी किंवा बँक असते आणि रिपोर्टात ते कर्ज म्हणूनच येतं. म्हणून ते २४० रुपये, ‘फक्त’ नाहीयेत. उशिराची नोंद करताना रक्कम २४० की २४ हजार हे चौकटीत लिहीत नाहीत, दिवस लिहितात. क्रेडिट कार्डाला तरी रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच थकलं म्हणून कळवायचं, पण आठ दिवस म्हणजे ती सवलतही मिळाली नसती. तीनातली दोन ॲप पूर्ण भरून खाती बंद कर. नुसतं ॲप डिलीट करून खातं बंद होत नाही, बंद झाल्याचा मेल किंवा पत्र घेऊन ठेव. तिसरं ठेवायचं तर ठेव, पण त्याचे पैसे आपोआप कापले जातील असं लावून.

प्रश्न : मी दर महिन्याला स्वतःचा स्कोर बघते. बघितल्याने कमी होतो असं मैत्रीण म्हणते.

उत्तर : नाही होत. आपण आपला बघितला तर काही फरक पडत नाही, बँकेने कर्जासाठी बघितला तर थोडा पडतो. देशात चार ब्युरो आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तीन तीन महिन्यांनी एकेकाचा काढलात तर वर्षभर फुकटात लक्ष राहील. चौघांचे आकडे सारखे नसतील, त्याने घाबरू नका.

प्रश्न : पतसंस्थेचं दोन लाखांचं कर्ज घेतलं होतं, पाच वर्षांत एकही हप्ता चुकवला नाही. तरी बँक म्हणते तुमची हिस्टरी नाही. हे कसं काय?

उत्तर : दादा, तुमचा राग अगदी बरोबर आहे. पण बऱ्याच पतसंस्थांची माहिती ब्युरोपर्यंत जातच नाही, त्यामुळे तुमचे साठ हप्ते खरे असूनही बँकेच्या स्क्रीनवर नाहीत. रिपोर्ट काढून खात्री करा. नसेलच दिसत तर पतसंस्थेकडून कर्ज फेडल्याचा दाखला आणि खात्याचा पूर्ण उतारा घ्या, शिक्क्यासकट, आणि बँकेत अर्जाला जोडा. स्कोर नाही वाढणार त्याने, पण कर्ज मंजूर करणारा शेवटी माणूस असतो आणि पाच वर्षांचा स्वच्छ उतारा त्याला वाचता येतो. पुढचं कर्ज मात्र लहान का असेना, बँकेतून घ्या.

प्रश्न : माझ्या रिपोर्टात एक बाइक लोन थकलेलं दिसतंय जे मी कधी घेतलंच नाही, माझं स्वतःचं म्हणाल तर एकच छोटं लोन आहे. एक एजंट म्हणतो, आठ हजार द्या, पंधरा दिवसांत स्कोर ७५० करून देतो. देऊ का?

उत्तर : अजिबात नाही. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकटात काढू शकता, मग तो आठ हजार कशाचे घेतोय? शिवाय त्याला ओटीपी आणि पॅन द्यावा लागेल, म्हणजे आणखी एक बाइक लोन निघायची सोय.

ज्या ब्युरोच्या रिपोर्टात ती नोंद आहे त्याच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म असतो, त्यात त्या कर्जाचा खाते नंबर निवडून ‘हे खातं माझं नाही’ असं लिहा. ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, ते ज्या कंपनीने माहिती पाठवली तिला विचारतात, म्हणून त्या कंपनीलाही वेगळा मेल टाका आणि कर्जाच्या अर्जाची व सहीची कॉपी मागा. पुष्कळदा पॅन नंबरातलं एखादं अक्षर चुकलेलं असतं किंवा नाव आणि जन्मतारीख जुळल्यामुळे दुसऱ्याचं खातं चिकटलेलं असतं. पण खरंच कुणी तुमची कागदपत्रं वापरलेली निघाली तर सायबर पोलिसांत तक्रार कराच. चार ब्युरोंचे रिपोर्ट चौघांकडून मागवा, एकीकडे दुरुस्त झालं म्हणजे दुसरीकडे झालंच असं नसतं.

एप्रिल २०२४ पासून नियम असा आहे की तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला भरपाई म्हणून मिळायला हवेत. त्यामुळे फॉर्म भरल्यावर जो तक्रार नंबर येतो त्याचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, ३० दिवस तिथून मोजायचेत.